तंबूचे चार वाटे

९ फेब्रुवारी

धाकट्या,

चिरंजीव लिहावं असं तुझं वय राहिलं नाही आणि श्रीयुत लिहावं इतका मोठा तू मला कधी वाटला नाहीस, तेव्हा नुसतंच धाकट्या. पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. फोन केला असता, पण मी फोनवर बोलायला लागले की तुझे दाजी पेपर खाली ठेवून ऐकत बसतात, आणि बाहेर जाऊन बोलले तर त्यांना आणखी संशय. शिवाय फोनवर तू नुसता हं हं करतोस. तुझा हं म्हणजे हो की नाही, हे आईलासुद्धा कधी कळलं नाही.

लांबूचा फोन आला होता. तुमच्या त्या कुरणावरच्या गाण्याबजावण्याची तीन दिवसांची जत्रा जवळ आली, तेव्हा तंबूचे दांडे काढून ठेवा म्हणाला. हे ऐकून तुझे दाजी शांतपणे म्हणाले की दांडे आपल्याकडे नाहीतच, गेल्या वर्षी लांबूलाच दिले. लांबू म्हणतो, माझ्याकडे खुंट्या आणि हातोडा, जन्मभर तेच आहे. तुम्हा चौघांची ती रीत मला पहिल्यापासून अजब वाटते. एक तंबू घ्यायचा, परतताना त्याचे चार वाटे करायचे. कापड नर्सबाईकडे, खुंट्या लांबूकडे, दोऱ्या तुझ्याकडे, दांडे ह्यांच्याकडे. म्हणजे पुढच्या वर्षी एक जरी आला नाही तर बाकीच्यांनी आभाळाकडे बघत झोपायचं. मैत्रीला असा टेकू लावणारे तुम्हीच.

दांडे कुठे गेले ते मला कळतंय आणि तुलाही कळत असेल. ते घरातच आहेत, द्यायचे नाहीत इतकंच. तू तो रिपोर्ट लिहिलास तेव्हापासून ह्यांच्या तोंडाला कुलूप आहे. लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला कंपनीने स्टोअरमध्ये बसवलंय, नट आणि बोल्ट वाटायला. आणि लिहिणारा कोण, तर लिफ्ट तपासणारा सरकारी साहेब, म्हणजे सख्खा मेव्हणा. मी तुला बोल लावत नाही. पण कंपनीत वरची जागा रिकामी होतेय. मॅनेजर म्हणाला की तुमच्या खात्याकडून दोन चांगल्या ओळी आल्या तर पहिल्या मेपासून ह्यांना परत लिफ्टवर घेतील. तू लिही. तुझ्या दोन ओळींनी घर पुन्हा घर होईल.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. उत्तर सविस्तर लिहितो, हं हं करत नाही.

आधी त्या दिवसाचं. लिफ्टचं दार नीट बंद होऊन त्याचं कुलूप लागलं नाही तर लिफ्ट हलता कामा नये. दुरुस्ती करताना हे कुलूप मध्ये येतं, म्हणून मिस्त्री लोक तारेचा एक तुकडा जोडून त्याला तात्पुरतं गप्प करतात आणि काम संपलं की तार काढतात. त्या इमारतीत तार काढलेली नव्हती. चौथ्या मजल्यावर दार उघडं आणि लिफ्ट खाली, असं मी स्वतः पाहिलं. त्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना आहे. कामाच्या कागदावर दाजींची सही होती. ते माझे मेव्हणे आहेत हे मी वरिष्ठांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, तरीही तूच जा, दुसरा माणूस नाही.

मी त्यांना आधी फोन करून तार काढायला लावू शकलो असतो, असं तुझ्या मनात असणार. तसं करता येत नाही. एकदा केलं की मग कुणाकुणाला करायचं, ह्याला अंत नाही. दाजी रागावले असतील तर तो त्यांचा हक्क आहे. दांडे अडवून ठेवणं मात्र पोरकट आहे, आणि ते पोरकट कधीच नव्हते. हे मला जरा विचित्र वाटतं.

कंपनीला पत्र लिहिणं माझ्याकडून होईल असं वाटत नाही. चांगल्या ओळी लिहायला खात्याची पद्धत नाही. आम्ही फक्त वाईट ओळी लिहितो, आणि वाईट दिसलं नाही तर गप्प बसतो.

तंबूचं म्हणशील तर दांडे नसले तर मी नवे आणतो. लांबूला सांगितलं तर तो म्हणाला, नवे दांडे म्हणजे नवं लग्न, मी येणार नाही. नर्सबाईने तर कापड आत्तापासूनच उन्हात घातलंय.

धाकटा


२८ फेब्रुवारी

धाकट्या,

दांडे सापडले. कुठे, विचार. न्हाणीघराच्या वरच्या माळ्यावर, जुन्या पडद्यात गुंडाळून, वर माझ्या लोकरीच्या पिशव्या रचून. मी ते समोर आणून ठेवले तर तुझे दाजी त्यांच्याकडे असे बघत राहिले जसं कुणी परक्याचं सामान आणून टाकलंय. मग म्हणाले, “तू ठेवले होतेस का?” आता ह्या वयात मी भांडू कुणाकुणाशी?

स्टोअरपायी ह्यांची पार रया गेली. सकाळी डबा विसरून जातात, अर्ध्या रस्त्यातून परत येतात, आणि परत येऊन मलाच विचारतात की मी कशाला आलो. परवा चहाची किटली कपाटात निघाली, शर्टांच्या घडीवर. मी म्हटलं, राग आहे तर माझ्यावर काढा, किटलीने काय केलंय. त्यावर त्यांनी किटली नुसती ओट्यावर नेऊन ठेवली. बोलतच नाहीत. पूर्वी जेवताना मला लिफ्टच्या एकेका बिघाडाची गोष्ट सांगून पकवायचे, आता मूग गिळून बसतात. शेजारी म्हणतात, कामावरून उतरवलं की माणूस असा होतो. मीही तेच म्हणते. एकदा परत हातात पाना आला की हे सगळं आपोआप जाईल.

एक चांगली बातमी. कुरणावर जाणार का म्हणून मी भीतभीतच विचारलं. म्हणाले, “तो येणार असेल तर जातो.” मला वाटलं होतं, तू येणार म्हणून नाही म्हणतील. आता तिथे तुझ्याशी भांडणार आहेत की समेट करणार आहेत, देव जाणे. भांडले तर ऐकून घे. तू लहान आहेस, सरकार असलास तरी.

आणि पत्राचं डोक्यातून काढू नकोस. पद्धत नाही म्हणे! बायको गेल्यावर तू दोन वर्षं माझ्या घरी जेवलास तीही काही पद्धत नव्हती. मी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, आज दाखवते, कारण माझ्याजवळ दुसरं काही नाही. मला माझा नवरा परत हवाय रे.

ताई


६ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं त्या रात्रीच उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. हे दुसरं.

मी कचेरीतले जुने रिपोर्ट काढून बसलो. दाजींनी हात लावलेल्या लिफ्टमध्ये त्या तारेच्या आधी एकही दोष निघालेला नाही. एवढं लिहिलं तर ते खोटं होत नाही. शिवाय ती तार राहिली तशी कुणाकडूनही राहू शकते, माणूस आहे. तेव्हा लिहितो. कुरणावरून परत आलो की पहिलं काम तेच. दाजींना आत्ता सांगू नकोस. मी तिथेच त्यांना सांगेन, म्हणजे जे काय भांडायचं ते भांडून झालेलं असेल.

जेवणाचं तू काढलंस ते मला लागलं, पण तू बरोबर आहेस.

धाकटा


१९ मार्च

ताई,

दाजी सुखरूप पोचले असतील. मी त्यांना बसमध्ये खिडकीशी बसवलं आणि कुठे उतरवायचं ते कंडक्टरला सांगितलं. ते हसले, मी काय शाळेतलं पोर आहे का म्हणाले. मी सांगितलंच. हे पत्र तू एकटी असताना वाच.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही चौघे कुरणावर जमलो. जागा ठरलेली आहे, उतारावरच्या मोठ्या झाडाच्या डावीकडे, जिथून स्टेज दिसतं आणि संडासांचा वास येत नाही. गर्दी दर वर्षीसारखी. लांबूने नवीन टोपी आणली होती, तिच्यामुळे मागच्या लोकांना आणखी अर्धा हात कमी दिसलं. स्टेजच्या डाव्या मनोऱ्याला ताणून धरणारा एक दोर मला सैल वाटला म्हणून मी तिथल्या माणसाला सांगायला गेलो, तर तुम्ही कोण म्हणून त्याने विचारलं आणि नर्सबाईने मला दंडाला धरून परत आणलं. तिथे दाजी हे दाजी नसतात. तुमच्या लग्नाच्या आधीपासून ते मिस्त्री आणि मी साहेब, आणि अरेतुरे चालतं. पुढे तसंच लिहितो.

तंबूच्या दांड्यांचे आठ तुकडे आहेत. टोकांना रंगाचे पट्टे, तांबड्याला तांबडा जोडायचा, निळ्याला निळा. हे पट्टे मिस्त्रीनेच रंगवलेले, कारण एका वर्षी लांबूने दांडे उलटे जोडून तंबूची होडी केली होती. ह्या वर्षी मिस्त्री दोन तुकडे हातात घेऊन उभा राहिला, एक तांबडा आणि एक पिवळा. ते जोडून बघितले, बसेनात. फिरवले, पुन्हा तेच दोन जोडून बघितले. लांबू म्हणाला, साहेब बघतोय म्हणून हात चालत नाहीत. सगळे हसले, मिस्त्रीही हसला, आणि तुकडे माझ्या पायाशी टाकून म्हणाला की इतकी वर्षं हमाली मी केली, आता सरकारने करावी. मी केली. मलाही ती गंमतच वाटली. माझ्यावरचा राग असा निघतोय तर बरंच झालं, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चहा आणायला गेला. स्टेजवर बायकांचं पथक गात होतं, दहाबारा जणी, वाद्य एकही नाही, नुसते आवाज. त्यांचं संपलं. पुढच्या मंडळींनी आपली वाद्यं लावली, दोन गाणी म्हटली. मिस्त्री नाही. नर्सबाई म्हणाली, रांग असेल. मी उठून गेलो. चहाच्या गाडीपाशी रांग नव्हती. तो सापडला खालच्या अंगाला, दुसऱ्या स्टेजपाशी, एका अनोळखी कुटुंबाच्या चादरीवर. त्यांचं लहान मूल त्याच्या मांडीवर, हातात त्यांनीच दिलेलं सफरचंद. मला पाहून त्याचा चेहरा इतका उजळला की मीच ओशाळलो. म्हणाला, “काय रे, जागा कधी बदललीत? मला सांगायचं तरी.”

जागा आम्ही आजवर कधी बदललेली नाही. त्या घरची बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, हे बराच वेळ चार कप घेऊन वरखाली फिरत होते. चहा गार झाला तेव्हा आम्हीच त्यांना बसवून घेतलं.

परत येताना तो पुढे आणि मी मागे चालत होतो. प्रत्येक तंबूपाशी तो किंचित थांबायचा आणि माझ्या पायांकडे बघायचा, मी थांबतोय की पुढे जातोय ते. मी पुढे निघालो की तोही निघायचा. ही युक्ती त्याला नवीन नसावी, इतक्या सफाईने तो ती करत होता.

त्यानंतर मी गाणं ऐकलं नाही, त्यालाच बघत होतो. लांबू म्हणतो, मिस्त्री म्हातारा झाला, चालायचंच. नर्सबाईने सगळं बघितलंय. मी विचारलं तर थकवा असेल म्हणाली आणि तोंड फिरवलं. वॉर्डात ती अशी तोंड फिरवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नळावर भांडी विसळायला गेलो. मला वाटलं, पत्राचं आता सांगावं. तेवढ्यात तोच बोलला. म्हणाला, “ती तार मी लावली असं सगळे म्हणतात. सही माझी आहे, म्हणजे मीच लावली असणार. पण साहेब, मी डोकं पालथं घालून बघितलं. तो दिवस तिथे नाहीच.”

मी नळाखाली भांडं धरून उभा राहिलो. ते भरून वाहायला लागलं तेव्हा त्यानेच नळ बंद केला.

ताई, दांडे त्यांनी अडवले नव्हते. ते कुठे ठेवले हे त्यांना खरंच आठवत नव्हतं. किटलीही रागाने कपाटात गेली नाही. तू आणि मी दोघांनी त्याला रुसवा म्हटलं, कारण रुसवा काढता येतो. मी डॉक्टर नाही आणि हे काय आहे ते मला माहीत नाही. पण काहीतरी आहे, आणि ते त्या तारेच्या आधीपासून असावं.

कंपनीला पत्र मी लिहिणार नाही. आल्यावर लिहायला बसलो होतो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लिफ्टच्या डोक्यावर, अंधाऱ्या पोकळीत उभा राहून काम करतो. तिथे चढायच्या आधी एक बटण बंद करायचं असतं, उतरताना चालू करायचं असतं. ते एकदा विसरलं तर तो स्वतः जाईल, नाहीतर खाली दारात उभं असलेलं कुणीतरी जाईल. मी जे पाहिलं ते पाहिल्यावर दोन ओळी लिहिणं मला जमत नाही. मला ह्याचं फार वाईट वाटतंय. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पण खरं आहे म्हणून ठेवलं.

त्यांना कुणाला तरी दाखव.

धाकटा


२३ मार्च

साहेब,

धाकट्या लिहायला हात धजत नाही.

तुला माणूस दिसतच नाही, नुसता बिघाड दिसतो. दारात तार सापडली, ती लिहिलीस. आता माझ्या नवऱ्याच्या डोक्यात तुला तार सापडली. तीन दिवस गाणी ऐकायला गेला होतास की तपासणीला? माणूस गर्दीत वाट चुकला, चहा गार झाला, एवढ्यावर तू त्यांना वेड्यात काढलंस. मीही परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला. मलाही कुणाला तरी दाखव.

हे कुरणावरून आले ते इतके खुशीत होते. आल्या आल्या म्हणाले, खूप बरं वाटलं, फार दिवसांनी. मला वाटलं तू पत्राचं सांगितलंस आणि सगळं मार्गी लागलं. मी गोडाचं करायला घेतलं. आणि मागून हे तुझं पत्र.

तू लिहितो म्हणाला होतास. माझ्या जेवणाची आठवण करून दिल्यावर म्हणाला होतास, तरी म्हणाला होतास. ह्यापुढे मला लिहू नकोस. लिहिण्यात तुझा हातखंडा आहे, पण ते सगळं माझ्या घरावरच का येऊन पडतं?

ताई


५ एप्रिल

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. थोडंच आहे.

दाजींच्या मॅनेजरचा फोन आला होता, पत्र कधी येतंय म्हणून. येणार नाही, एवढंच मी सांगितलं. त्याने कारण विचारलं, ते दिलं नाही. कारण सांगायचं की नाही हे तुम्हा दोघांचं आहे. मात्र पत्राशिवायही ते त्यांना लिफ्टवर घ्यायला निघाले तर मला बोलावं लागेल, आणि मी बोलेन. हे तुला आधीच कळलेलं बरं.

नर्सबाईने एका डॉक्टरांचं नाव दिलंय, ते खाली लिहिलंय. तिने ते मी न विचारता दिलं, आणि देताना रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलेलं नव्हतं.

माझ्यावर रागावलीस तर रागाव. जन्मभर रागाव. पण पहिल्या मेच्या आधी तिथे जा.

धाकटा


२७ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मी तीन वेळा सुरू करून सोडलं. आता पुरं करते.

तुझं ते कुरणावरचं पत्र मी ह्यांना दाखवलंच नाही. डाळीच्या डब्यामागे सारलं आणि ह्यांनी विचारलं की मी सांगत होते, कंपनीचं लांबलंय. तुझं दुसरं पत्र आलं त्याच दिवशी मॅनेजरने ह्यांना स्टोअरमध्ये येऊन सांगितलं की तुमच्या मेव्हण्याने पत्र द्यायला नकार दिला. संध्याकाळी हे घरी आले. मी तयारीतच होते. दारातच तुझ्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली. सख्खा म्हणवतो, दोनदा पायाखालची शिडी काढली, आता ह्या घरात त्याचं नाव नको, जे तोंडाला आलं ते बोलले. हे खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. माझं बोलून झालं तेव्हा म्हणाले, “नाही म्हणाला ना? मग खरं आहे.”

मी म्हटलं, काय खरं आहे?

तेव्हा ते बोलले. इतके महिने जे बोलले नव्हते ते सगळं. कामावर जाताना वळण कुठलं ते आठवेनासं झालं की हे एखाद्या ओळखीच्या माणसाच्या मागून चालतात. लिफ्टचे भाग हातात घेतले की नावं जिभेवर येत नाहीत, म्हणून स्टोअरमध्ये कुणी काही मागितलं तर तुम्हीच बघून घ्या म्हणतात, आणि लोकांना वाटतं मिस्त्री अजून रागात आहे. रागाचं पांघरूण त्यांना बरं पडत होतं. ते मीच शिवून दिलं होतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? त्यावर जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. “तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, दमलात. लांबूने हसण्यावारी नेलं असतं. नर्सबाई माझ्या मागे मागे फिरून सगळं निस्तरत बसली असती. दिसेल तेच लिहिणारा आपल्यात तो एकटा. माझ्याविरुद्धसुद्धा लिहिलं. म्हटलं, त्याच्यासमोर तीन दिवस राहून बघावं. म्हणून तर गेलो होतो. त्याने पत्र दिलं असतं ना, तर मला काही झालेलं नाही असं समजून मी परत वर चढलो असतो.”

ते तुझ्यावर एक दिवसही रागावले नव्हते. रागावले होते ती मी. घरातले दिवे, गॅस, नळ, मी महिनोन् महिने त्यांच्या मागून बंद करत फिरत होते आणि सगळ्याला नाव एकच देत होते, तुझ्या रिपोर्टचं. मी तुला त्या पत्रात जे लिहिलं ते परत घेता येत नाही. तरी परत घेते.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मॅनेजरपुढे उभे राहिले आणि म्हणाले, मला वर पाठवू नका, माझ्या सांगण्यावरून लिहून घ्या. तो बिचारा खुर्ची सोडून उठला. तूर्त स्टोअरमध्येच आहेत, सोबत एक माणूस दिलाय. नर्सबाईच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बऱ्याच तपासण्या झाल्या. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे म्हणाले. गोळ्या दिल्यात. त्यांनी थांबेल असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत, मी दोनदा विचारलं तरी म्हणाले नाहीत. मला भीती वाटते. दिवसभर वाटत नाही, हे जेवताना मान खाली घालून बसतात तेव्हा वाटते. तू ये. तपासायला नको, चार दिवस राहायला ये. मला घरात आणखी कुणीतरी हवंय.

काल दुपारी हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी विचारलं, कुणाला लिहितेस? तुला, म्हटलं. तर म्हणाले, “त्याला सांग, तेव्हा लिहिलंस ते बरोबर होतं आणि आता लिहिलं नाहीस तेही बरोबर.” मी हो म्हटलं. ते बाहेर जाऊन झाडांना पाणी घालून आले, हात पुसले आणि माझ्यापाशी येऊन विचारलं, कुणाला लिहितेस? मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तोच निरोप दिला, शब्द न् शब्द तोच. निरोप दिल्याचं ते विसरले होते, पण तुझ्याबद्दलचं मत बदललं नव्हतं.

ताई